मशीन बघतेय अजून

आमच्या घरमालकीणबाईंनी व्हॅक्युम क्लीनरचे पाय धुतलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत. पाय म्हणजे चाकं. मशीन दाखवायला आलेला सेल्समन दारात उभा, हातात ते लालभडक धूड, आणि काकू उंबऱ्याच्या आत तांब्या घेऊन वाकलेल्या. "रस्ते पे से आया है ना वो? फिर?" त्या त्याला विचारत होत्या. त्या बिचाऱ्यानं आधी स्वतःचे मोजे काढले, मग मशीन उचलून धरलं, आणि काकूंनी चाकांवर पाणी घालून ती जुन्या पंचानं कोरडी केली. मी शेजारच्या दारात किल्ली घेऊन उभा होतो. तो माझ्याकडे बघून हसेल या भीतीनं मी आत शिरलो आणि दार लावून घेतलं. थोड्याच वेळात बेल वाजली. "लपतोस काय? ये, तुझं काम आहे."

माझं काम म्हणजे भाचा होणं. मी काकूंचा भाचा नव्हतो. मी त्यांचा भाडेकरू. मीरा रोडला पूनम सागरमध्ये त्यांच्या फ्लॅटला लागून त्यांचीच एक खोली-किचनची जागा होती, तिथे मी तीन-चार वर्षं राहिलो. गाव सांगलीकडचं, नोकरी हाटकेशच्या एका कारखान्यात, पॅकिंगच्या ऑर्डरी बघायची. पण मशीनवाला आला की मी काकूंचा भाचा आणि वर इंजिनियर होत असे. "ये मेरा भांजा है. इंजिनियर है. इसको सब समझता है," असं त्या सांगत आणि मला डोळ्यांनी खुणावत. मग मी, ज्याला मिक्सरचं भांडं नीट बसवता येत नाही, तो गंभीरपणे विचारत असे, "वॉट किती आहे?" उत्तर आलं की मी मान हलवायची, आणि काकूंनी म्हणायचं, "बघ, म्हटलं नव्हतं?" काय म्हटलं होतं ते आम्हा दोघांनाही माहीत नसे. माझे कान मात्र गरम व्हायचे. मला लाज वाटण्याची भारी सवय आहे. दुसऱ्यानं केलेल्या गोष्टीचीही मला लाज वाटते, आणि काकूंच्या शेजारी राहून या सवयीला खुराक भरपूर मिळाला.

काकू मूळच्या रत्नागिरीकडच्या. सगळी नोकरी एका हॉस्पिटलच्या लिनन रूममध्ये झालेली. म्हणजे चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे, सगळं धुऊन आलेलं तपासून घ्यायचं आणि वॉर्डात पाठवायचं. एखाद्या चादरीवर पुसटसा डाग दिसला तरी त्या अख्खा गठ्ठा परत पाठवत, असं त्याच सांगत. रिटायर झाल्यावर तपासायला चादरी उरल्या नाहीत, म्हणून त्यांनी जग तपासायला घेतलं असावं. पाहुणा सोफ्यावरून उठला की त्याच्या जागेवरून फडकं फिरे, आणि पाहुणा तोवर दारात चपलाच घालत असे. माझ्या खोलीत त्या आल्या तर बसत नसत. मधोमध उभ्या राहून, लुगड्याचा काठ जमिनीला लागू नये म्हणून जरा उचलून धरत आणि म्हणत, "राहतोस बाबा तू, कमाल आहे." "धुळीला लाज नसते, माणसाला असावी," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते त्या वॉचमनला ऐकवत, दूधवाल्याला ऐकवत, सोसायटीच्या सेक्रेटरीला तर मीटिंगमध्ये ऐकवलं होतं.

धूळ होतीच म्हणा. समोर मेट्रोचे खांब उभे राहत होते, मागे जुनी बिल्डिंग पाडून टॉवर चढत होता. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहिता यावं अशी ती धूळ. पण ती काकूंच्या घरात टिकत नसे. त्या दिवसातून कितीदा केर काढत, हे मोजायला दुसरा माणूस ठेवावा लागला असता.

अशा बाईला व्हॅक्युम क्लीनर कशाला हवा, असं कुणीही विचारेल. मीही विचारलं. त्या म्हणाल्या, "रेवासाठी."

रेवा त्यांची नात. मुलगा मंदार, सून आणि रेवा ठाण्याला घोडबंदर रोडला राहत. फाउंटन हॉटेलच्या नाक्यावरून वळलं की सरळ रस्ता. येत ते महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी, जेवून चहाच्या आधी परत. रेवानं सुट्टीत आठ दिवस आजीकडे राहावं एवढीच काकूंची इच्छा होती. तिच्यासाठी त्यांनी आतल्या खोलीत पलंग लावून ठेवला होता, त्यावर हॉस्पिटलच्या शिस्तीनं कोपरे दुमडलेली चादर. पण रेवाला म्हणे धुळीची ॲलर्जी होती. मंदारनं सांगितलं होतं, "डॉक्टर म्हणतात डस्टपासून लांब ठेवा. तू केर काढतेस ग, पण झाडूनं धूळ उडते. व्हॅक्युम क्लीनर असता तर गोष्ट वेगळी होती."

'असता तर' एवढंच काकूंनी ऐकलं, आणि त्या दिवसापासून त्यांचं मशीन बघणं सुरू झालं. मुलीसाठी स्थळं बघावीत तशी त्यांनी मशीनं बघितली. घराणं बघायचं, दिसणं बघायचं, पण मुख्य म्हणजे घरी बोलावून चालवून बघायचं. कंपन्यांची माणसं फुकट डेमो देतात हे कळल्यावर तर आठवड्याला एक पाहुणा ठरलेला. डेमोवाल्यानं घर झाडून द्यायचं, मग काकू तीच जागा केरसुणीनं पुन्हा झाडणार, आणि सुपलीत जे येईल ते त्याच्यापुढे धरणार. "ये क्या है?" सुपलीत काहीतरी असायचंच. सुपली पुढे आली की डेमोवाल्याचा चेहरा पडायचा. मला त्याच्याकडे बघवत नसे.

एकदा त्यांनी मला स्टेशनजवळच्या एका मोठ्या दुकानात नेलं. पिशवीत स्टीलचा डबा होता. मला वाटलं खायला काही घेतलं असेल. दुकानदारानं गालिच्याच्या तुकड्यावर कागदाचे कपटे टाकून मशीन चालवून दाखवलं, तेव्हा काकू म्हणाल्या, "कागद मेरे घर में नहीं गिरता," आणि डबा उघडून त्यांनी गालिच्यावर रवा टाकला, मग रांगोळी, मग मुगाची सालं, आणि शेवटी पुडीतून काढलेले, फणीतून निघालेले स्वतःचे केस. "आंटी, ये क्या कर रहे हो?" दुकानदार ओरडला. माणसं जमली. त्या जमलेल्या माणसांत माझ्या कारखान्यातले पर्चेसवाले साहेब सहकुटुंब होते, ते एसी बघायला आले होते. "तुमची आई का?" त्यांनी हळूच विचारलं. मी काय उत्तर दिलं आठवत नाही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं एवढं आठवतं. मशीननं रवा ओढला, रांगोळी ओढली, केस मात्र ब्रशला गुंडाळून बसले. काकूंनी तो ब्रश सगळ्यांना दाखवला, डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "चल रे."

पण त्यांच्या वाटेला जाण्यात खरा धोका संध्याकाळी असे. एक डेमोवाला ट्रॅफिकमध्ये अडकून उशिरा आला. त्याचं काम आटपेपर्यंत काकूंनी देवाजवळ दिवा लावलेला. तो मशीन गुंडाळून निघाला तशा त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. कारण साधं होतं. दिवेलागणीनंतर घरातला केर बाहेर काढत नाहीत, लक्ष्मी जाते. आणि केर तर मशीनच्या पोटात. तो मुलगा जौनपूरचा की कुठला, त्यालाही हे ठाऊक होतं. तो म्हणाला, "आंटी, हमारे यहाँ भी नहीं निकालते, पर ये तो मशीन है." "मशीन में कचरा किसका है? मेरे घर का ना?" पिशवी काढून ठेवा म्हटलं तर त्याच्याकडे डेमोची तेवढी एकच पिशवी. त्याच्या साहेबाचा फोन आला, काकूंनी तो घेतला आणि साहेबालाही लक्ष्मीचं समजावून सांगितलं. शेवटी पिशवी राहिली आणि मशीन गेलं. ती पिशवी रात्रभर काकूंच्या दारामागे, केरसुणीशेजारी, ऐटीत बसली. सकाळी ती रिकामी करून, झटकून, कंपनीच्या ऑफिसात पोचवायला कोण गेलं हे सांगायला नको. रिसेप्शनवरच्या मुलीनं ती दोन बोटांत धरून घेतली आणि मला विचारलं, "आप ही भांजे हो क्या?" म्हणजे आमची कीर्ती तिथवर गेली होती.

हे सगळं मी हसत सांगतोय, तेव्हाही मनातल्या मनात हसत असे. त्या रविवारनंतर मला हसू आलं नाही.

तो रविवार काकूंनी मुद्दाम निवडला होता. मंदारची मंडळी जेवायला येणार होती आणि त्याच वेळी त्यांनी एका बड्या कंपनीचा डेमो ठेवला होता. बेत असा, की सुनेच्या समोर मशीन चालवायचं, त्यात काही निघणार नाही, आणि धुळीचा विषय कायमचा संपेल. तयारी म्हणून त्यांनी आधीच्या आठवड्यात रेवाची गादी नव्यानं पिंजून घेतली. भाईंदरचा एक गादीवाला हातगाडीवर मशीन घेऊन येई. गच्चीवर त्यानं सगळा कापूस पिंजला, काकू डोक्याला पदर गुंडाळून समोर उभ्या, नवं कोरं कापड, टाके त्यांनी स्वतः तपासले. मी ती गादी खाली आणली तेव्हा त्या म्हणाल्या, "हिच्यात धूळ दाखव म्हणावं आता."

जेवणं झाली. सेल्समन आला. टाय लावलेला, चाकं धुतली तेव्हा आदरानं हसणारा. त्यानं पांढऱ्या कापडाचा एक गोल तुकडा मशीनच्या तोंडाशी बसवला, आणि म्हणाला, "अब देखिए, बेड से क्या निकलता है." काकूंनी त्याला अभिमानानं रेवाच्या पलंगाकडे नेलं. सून दारात उभी, रेवा पलंगाच्या कडेला बसून पाय हलवत होती, मंदार मोबाईल बघत होता. मशीन गादीवरून फिरलं. थांबलं. सेल्समननं कापड काढून तळहातावर धरलं.

त्यावर राखाडी थर होता, बोटभर जाड नसेल, पण होता. नुकताच पिंजलेला कापूस, त्याचं बारीक तूस नव्या कापडातून सुटणारच. जुन्या दबलेल्या गादीतून याच्या निम्मंही निघालं नसतं. हे काकूंना कळत होतं, मलाही कळलं. पण सेल्समनला त्याचं पाठ केलेलं वाक्य म्हणायचंच होतं. "देखिए आंटी, बच्ची इसी पे सोती है."

सुनेनं पुढे होऊन रेवाला पलंगावरून उचललं आणि तिच्या फ्रॉकची मागची बाजू झटकली. एवढंच.

"तो कापूस आहे," काकू म्हणाल्या. "धूळ नाही ती. नवीन पिंजलीय ना, कापूस आहे तो." मग आणखी एकदा म्हणाल्या, जरा हळू. कुणीच हो म्हटलं नाही. मी म्हणायला हवं होतं, इंजिनियर भाचा होतो मी, पण सगळ्यांच्या देखत माझं तोंड उघडलं नाही. त्यांनी ते कापड सेल्समनच्या हातून घेतलं, मुठीत घट्ट धरलं आणि स्वयंपाकघरात गेल्या. आयुष्यभर लोकांच्या चादरी तपासणाऱ्या बाईच्या चादरीखालून सुनेसमोर हे निघावं, मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते त्यांच्या पाठीकडे बघून मला कळलं.

मंडळी चहाच्या आधीच निघाली. सून आणि रेवा पहिल्या लिफ्टनं खाली गेल्या, मंदार मागे राहिला. मी माझं दार उघडत होतो. तो जवळ आला.

"अरे, तू आईला सांग ना, हे मशीनचं बंद कर म्हणावं. बिल्डिंगमध्ये हसतात लोक."

"रेवाला त्रास होतो म्हणून बघतात ना त्या," मी म्हणालो.

त्यानं लिफ्टचं बटण पुन्हा दाबलं. "रेवाला काही नाहीये रे. एकदा लहानपणी खोकला झाला होता, तेवढंच. हिला इथं राहायला नको वाटतं. आणि खरं सांगू, मलाही. आई सारखी मागे फडकं घेऊन. बसलो की पुसते, उठलो की पुसते. स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं वाटतं. पण तोंडावर कसं सांगणार? धूळ म्हटलं की विषय संपतो." लिफ्ट आली. "तू नको बोलूस हां."

मी बोललो नाही. पण ते माहीत असणं फार जड होतं. काकू भेटल्या की मी नजर चुकवत असे. दुसऱ्याचं खोटं आपल्या खिशात घेऊन फिरताना आपलीच मान खाली जाते, हे मला नवीन होतं.

काकूंचं मशीन बघणं मात्र थांबलं नाही, उलट वाढलं. फक्त नापसंतीची कारणं चमत्कारिक होत गेली. एकाचा आवाज गेलेल्या नवऱ्याच्या घोरण्यासारखा होता. एकाची नळी पिवळी होती, आणि पिवळी नळी डोळ्यांना बरी दिसत नाही. एक मशीन तर सगळ्या परीक्षांत पास झालं, केसही ओढले त्यानं, तेव्हा काकू त्याच्याकडे जरा घाबरून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "वजनाला हलकं आहे. टिकायचं नाही." फोनवर रेवाला सांगत, "मशीन बघतेय अजून, राणी. चांगलं मिळालं की ये." मला वाटे, म्हातारीला याचं व्यसनच लागलंय.

एप्रिलात, रेवाच्या परीक्षा संपायच्या सुमारास, कुरिअरवाला एक मोठं खोकं घेऊन आला. मंदारनं ऑनलाइन पाठवलं होतं. बायको माहेरी गेली असताना सेल लागला, घेऊन टाकलं, असा त्याचा मेसेज. कदाचित आईला त्या रविवारी पाहून त्यालाही काही वाटलं असेल. मी ऑफिसातून आलो तेव्हा खोकं हॉलच्या मधोमध होतं आणि काकू खुर्चीवर बसून त्याच्याकडे बघत होत्या. चाकं धुण्याची तयारी नव्हती, तांब्या नव्हता.

"उघडू का?" मी कात्री शोधत विचारलं.

"नको."

"अहो काकू, चांगल्या कंपनीचं आहे. आता रेवा येईल की."

"येईल?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "लिफ्टपाशी बोललेलं सगळं माझ्या जाळीच्या दारातून आत येतं. इतकी वर्षं राहिलास, कळलं नाही तुला?"

मी कात्री खाली ठेवली. म्हणजे त्या रविवारपासून त्यांना माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही माहीत होतं. मी नजर चुकवत होतो तेव्हा त्या ती चुकवू देत होत्या. कुठे बघावं ते मला कळेना.

"तू काही बोलला नाहीस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "हे बघ, मशीन नाही तोवर त्याला सांगायला कारण आहे. मशीन आलं की दुसरं कारण शोधावं लागणार त्याला. नाही मिळालं तर खरं बोलावं लागेल. आणि ते मला ऐकावं लागेल. कशाला?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. फोन कानाला लावणं त्यांना घाणेरडं वाटे, म्हणून तो कायम स्पीकरवर असे. मंदार होता. मी उठायला लागलो, त्यांनी हातानं बस म्हटलं.

"आई, मिळालं ना मशीन?"

"मिळालं. लावून पण बघितलं." खोक्यावरची चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

"मग? कसं आहे?"

काकूंनी एकदा घरभर नजर फिरवली. चकचकीत फरशी, काचेसारखी कपाटं, आतल्या खोलीत दुमडलेल्या कोपऱ्यांची ती चादर.

"मशीन चांगलं आहे रे. पण माझ्याच घरात धूळ फार आहे. कितीही ओढलं तरी निघत नाही. मी तरी कुठवर पुसणार?"

पलीकडे मंदारनं श्वास सोडला. "मग राहू दे, आई. या सुट्टीत नको आणायला तिला. पुढच्या वेळी बघू."

"हो. तिला त्रास नको."

एरवी त्याचा फोन दोन वाक्यांत आटपायचा, मीटिंग तरी असे नाहीतर गाडी चालवत असे. त्या दिवशी तो ठेवायलाच तयार नव्हता. आईला काय जेवलीस विचारलं, गुडघ्याचं विचारलं, ऑफिसातल्या नव्या साहेबाची नक्कल करून दाखवली, लहानपणी लिनन रूममध्ये तो चादरींच्या गठ्ठ्यावर झोपून जायचा ती आठवण काढली. काकू खुर्चीत मागे टेकून ऐकत होत्या, मधूनमधून हसत होत्या. मी त्या न उघडलेल्या खोक्याशेजारी मान खाली घालून बसून होतो.

फोन ठेवल्यावर त्यांनी पदरानं स्क्रीन पुसला.

"किती मोकळा बोलला ना आज?" त्यांनी मला विचारलं.

मी हो म्हणालो.